चुकण्यापुरती ज्वारी

कस्तुराक्का आमच्या घरी भांडायलाच यायची. मंद्रूपला आमचं शेत आणि तिचं घर यांच्यात एवढा एक बांध. सकाळी अंगणात उभी राहून ती पदर खोचायची, "अण्णा हायत का?" म्हणून हाक द्यायची, आणि माझे सासरे पेपर बाजूला ठेवून खुर्ची पुढे ओढायचे. मी चहाचं आधण ठेवता ठेवता कान तिकडे लावायची. गावात याच्याइतकी करमणूक दुसरी नव्हती! आता तिचा भाकरीचा धंदा वाढला तशी ती सोलापुरात राहायला गेली, आणि अण्णांची सकाळ काही केल्या सरत नाही.

भांडणाचा विषय एकच, रेशनचं फुकट धान्य. अण्णांच्या तुरीत गुडघाभर तण माजलेलं.

"सरकारनं लोकं आळशी करून ठेवली. खुरपायला बाई मिळेना!" ते म्हणायचे.

"बाई मिळती की, अण्णा. उपाशी बाई मिळंना झालीया."

"आणि तुझा दीर? दिवसभर पारावर पत्ते कुटतोय तो?"

"व्हय, कुटतोय की. रेशन नव्हतं तवाबी कुटतच हुता!"

अण्णा हसू मिशीत दडवायचे. मला तेवढंही जमायचं नाही.

नवऱ्यामागे दोन मुली तिने खुरपं चालवूनच वाढवल्या. काढणीची मजुरी म्हणून मिळालेली ज्वारी पूर्वी खाण्यातच संपायची. रेशनचे गहू-तांदूळ येऊ लागले आणि एका वर्षी तिच्या कणगीत चक्क ज्वारी उरली. लगेच बाईने जाहीर केलं, "खुरपं ठिवलं. कडक भाकरी करून सोलापुरात इकणार!" अण्णा खुर्चीतून उठलेच. "बुडशील, कस्तुरा."

आणि बुडाली की! कडक भाकरी म्हणजे पापडासारखी पातळ, तव्यावर फडक्याने दाबून दाबून कोरडी करायची. तिने केल्याही सुरेख. पण भाकरी मऊ राहावी म्हणून तव्यावरून काढली की कापडात गुंडाळायची, ही जन्माची सवय. याही तिने तशाच गरमागरम गुंडाळून टोपल्यात भरल्या. दुकानात टोपलं उघडलं तर सगळ्या मऊ. दुकानदाराने एक उचलून तिच्यासमोर चार पदरी घडी घालून दाखवली.

"झालं समाधान? उद्यापासून खुरपायला ये," अण्णा म्हणाले. त्यात टोमणा होता आणि काळजीही होती.

रडून तिचे डोळे सुजले होते, आवाज मात्र खणखणीत. "न्हाय येत. पोरींच्या ताटात रेशनचा भात हाय. कणगीत आजून ज्वारी हाय. आजवर आमाला चुकायची सोय न्हवती, अण्णा. एकदा चुकलं की चूल थंड. आता चुकतीया तर चुकू द्या की!"

मी चहा गाळायची विसरले.

कणगीचा तळ दिसू लागला. ही ज्वारी संपली की पुन्हा खुरपं, हे तिलाही ठाऊक होतं. शेवटच्या भाकरी तिने उघड्या सुपात गार केल्या, मगच टोपल्यात रचल्या. एसटीच्या बायकांच्या अर्ध्या तिकिटात आम्ही दोघी निघालो. टोपलं तिच्या मांडीवर, आणि खड्डा आला की दचकायचं दोघींनी. दुकानदाराने एक भाकरी उचलली, मोडली. कडाड! गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. कस्तुराक्काने माझे दोन्ही हात धरले आणि भर रस्त्यात फुगडी घातली. या वयात, मीही घातली!

पुढे तिच्या अंगणात चुली वाढल्या, गावातल्या बाया कामाला येऊ लागल्या. मग एका श्रावणात ती सकाळीच आली, पदर खोचलेला, चेहरा लालबुंद.

"अण्णा, पुण्याची मोठी आर्डर हाय आन बाया येईनात! मजुरी परवडत न्हाय म्हणत्यात."

"अस्सं? आणखी काय म्हणतात?" अण्णांनी खुर्ची पुढे ओढली.

ती घुटमळली. मग म्हणाली, "म्हणत्यात, अक्का, उपाशी बाई मिळंना झालीया."

अण्णा असे हसले की टोपी खाली पडली. तीही हसत हसत जोत्यावर बसली.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय! वाढवती की मजुरी." तिने डोळे पुसले आणि आमच्या शेताकडे बोट दाखवलं. "आन अण्णा, यंदाबी तुमच्या तुरीत तण लई झालंय. तुमीबी वाढवा."