मामांचं ग्राफिक्स कार्ड

"गाडीला विचारा, मला काय विचारता," असं म्हणून मामा मान इंजिनाकडे कलती करायचे आणि खरंच ऐकत बसायचे. बस सुटायला उशीर होतोय म्हणून आम्ही बायका मागून ओरडतोय, आणि हा माणूस कान देऊन बसलेला. तुमच्याही कंपनीच्या बसवर असा एखादा असेल. त्याचा राग येतो, कारण तो बरोबर असतो.

मामा आमच्या स्टाफ बसचे ड्रायव्हर. मुंबई नाक्यावरून सातपूरच्या कारखान्यापर्यंत अकरा वर्षं मी त्यांच्या मागच्या तिसऱ्या सीटवर बसले. मी खरेदी विभागात आहे. नटबोल्टपासून फिनाइलपर्यंत कंपनीत जे येतं ते माझ्या सहीनं येतं.

मामा निफाडकडचे. बोलणं कमी, लिहिणं जास्त. संध्याकाळी बस लावली की गेटवरच्या बिघाडाच्या वहीत दोन ओळी खरडल्याशिवाय घरी जायचे नाहीत. 'डावा वायपर पुसत नाय.' 'तिसऱ्या गिअरला आवाज हाय.' आमचे एचआरचे साहेब त्या वहीला मामांची कादंबरी म्हणायचे. सगळे हसायचे. मीही हसले आहे.

एका सकाळी गेटमधून आत वळताना बस वॉचमनच्या केबिनवर जाऊन आदळली. वॉचमन बाहेर उभा होता म्हणून वाचला. पुढच्या सीटवरच्या एका मुलीचं मनगट मोडलं. मामा ज्याला त्याला एकच सांगत होते, "ब्रेक दाबला तवा दाबला. लागला उशिरानं."

चौकशी समितीत तिघं होतो. एचआरचे साहेब, सिक्युरिटी ऑफिसर आणि एक बाई हवी म्हणून मी. मामांना विचारलं, झोप झाली होती का, चष्म्याचा नंबर वाढलाय का, शुगर आहे का. ब्रेकचं कोणी विचारलं नाही. निष्कर्ष साहेबांनी टाइप करूनच आणला होता: वयोमानामुळे चालकाची प्रतिक्रिया मंदावली. मी वाचलं आणि सही केली.

आता जे मी तेव्हा बोलले नाही ते सांगते. बसच्या ब्रेकच्या सामानाची मागणी तीन आठवडे माझ्या टेबलावर पडून होती. आमच्याकडे तीन कोटेशन आल्याशिवाय ऑर्डर जात नाही. दोनच आली होती. मी तिसऱ्याची वाट बघत होते. नियमानं.

निवृत्तीला दोन वर्षं असताना मामांना घरी बसवलं. बस भंगारात गेली, तिच्याबरोबर ब्रेकही.

दीड वर्षानं त्यांचा फोन आला. "मॅडम, एक ग्राफिक कार्ड घ्यायचंय. तुम्ही खरेदीतल्या. फसवणार नाय कोणी तुमच्यासमोर."

रविवारी त्यांच्या सातपूर कॉलनीतल्या घरी गेले. मुलगी नोकरीला पुण्याला गेली, तिचा जुना कॉम्प्युटर इथंच राहिला. तिनंच बापाला बस चालवायचा गेम लावून दिला होता. टेबलाला स्टिअरिंग आवळलेलं, खाली पेडल. मामा चक्क इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मामी चहा ठेवत म्हणाल्या, "रोज ड्युटी लागते यांची. डबा तेवढा मागत नाहीत."

मामांनी बस काढली. मोकळ्या रस्त्यावर पाण्यासारखी चालली. गावात शिरली, आणि पापणी लवेल इतका वेळ चित्र थांबलं. सुटलं तेव्हा समोरचा टेम्पो काचेवर आलेला. धडक. पुढच्या चौकात पुन्हा तेच. फेरी संपल्यावर पडद्यावर हिशेब आला: धडका चार, चालक बेजबाबदार.

"बघितलं?" मामा म्हणाले. त्यांचा चेहरा तांबडा झाला होता. "मी दाबतो तवा दाबतो."

मी चहा अर्धा ठेवून उठले. म्हटलं, "चला, आत्ताच जाऊ."

कॉलेज रोडच्या दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, "काका, मशीन ठीक असणार हो. रिअ‍ॅक्शन टाइम म्हणून एक गोष्ट असते. या वयात हात थोडा स्लो होतोच. तरी टाकायचंच असेल तर सगळ्यात भारी टाकू, टेन्शनच नाही."

मामांनी तळहात मांडीवर ठेवले, चौकशीच्या खोलीत ठेवले होते तसेच. माझं डोकं सणकलं. "यांचा हात तुम्ही कधी तपासलात? कॉम्प्युटर न बघता माणूस खराब ठरवता? आणि ते भारी कार्ड यांच्या कॉम्प्युटरच्या डब्यात मावतं का, हे तरी विचारलंत?"

"मॅडम, तुम्ही चिडू नका."

"मी चिडलेलीच आहे. तुम्ही उत्तर द्या."

मामांनी खिशातून वर्तमानपत्राची एक पट्टी काढली. डब्याच्या आतली जागा मोजून फाडलेली. त्या भारी कार्डाशेजारी धरली. कार्ड दोन बोटं लांब निघालं. मग एक चिठ्ठी, तिच्यावर पॉवर सप्लायवरचा वॅटचा आकडा. तेवढ्यावर ते कार्ड चाललंही नसतं. मग त्यांनी चाळीस पानी वही उघडून काउंटरवर ठेवली.

'मोकळ्या रस्त्याला झटका नाय. वस्तीत शिरलं का झटका. पाऊस असला तर जास्ती. चित्र बारीक केलं तर कमी.'

दुकानदारानं वाचलं. पुन्हा वाचलं. हसणं गेलं. "मेमरी भरतीये कार्डाची," तो म्हणाला. "गावात घरं, माणसं, गाड्या जास्त. सगळं एकदम आणायला जुन्या कार्डात जागाच नाही."

"म्हंजे हात नाय," मामा म्हणाले.

"हात नाही, काका."

"मोठ्यानं सांगा. मॅडमला सांगा."

दुकानदारानं मला सांगितलं. मी त्याच्याकडे न बघता त्या वहीकडे बघत होते. चार ओळींत या माणसानं बिघाड पकडला होता. तशाच ओळी गेटवरच्या वहीतही असणार, आणि ती वही समितीपुढे मागवावी असं मला सुचलं नव्हतं. सुचलं नव्हतं हेही खोटं. मागवली असती तर माझं टेबल आलं असतं त्यात.

आखूड, मधल्या दर्जाचं, पण मेमरी जास्त असलेलं कार्ड निवडलं. घरी मामांनी ते स्वतः बसवलं. आधी डब्यातली धूळ मामींच्या जुन्या साडीच्या तुकड्यानं पुसली. मग शर्ट नीट केला आणि बस काढली.

बाजार, शाळा, पाऊस, सिग्नल. चित्र कुठेही अडकलं नाही. एक म्हातारी एकदम रस्त्यात आली. बस तिच्या अलीकडे इतकी अलगद थांबली की आतला कोणी उभा असता तर हललाही नसता. धडका शून्य.

मी म्हटलं, "झालं ना मनासारखं?"

मामांनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "आता लिहून द्या."

"काय?"

"उशीर हाताचा नव्हता म्हणून. तुमची सही हाय तिथं, तुम्हीच लिहा. ब्रेकचा कागद तुमच्या टेबलावर होता, ठाऊक हाय मला. दर शनिवारी विचारायला यायचो ना तुमच्या क्लार्कला."

मी भडकले. स्वतःवर भडकायचं ते त्यांच्यावर. "मग तेव्हा का नाही बोललात समितीपुढे?"

"तुम्ही बसला होता ना समोर. म्हटलं, मॅडमला माहीतच हाय, मॅडम बोलतील."

आत मामींच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

लिहिते म्हणून मी निघाले. लिहायला मला सोळा दिवस लागले. पहिला मसुदा फार मिळमिळीत, दुसऱ्यात नियमाचं कलम टाकलं, तिसरा साहेबांना आधी तोंडी सांगावा म्हणून थांबवला. साहेब म्हणाले, "मॅडम, फाइल बंद झालीये. आणि यात तुम्हीच अडकता." तेव्हा कुठे मी आतले दोन शब्द कडक केले, आवक-जावक विभागात शिक्का मारून घेतला आणि शिक्क्याची प्रत घेऊन सातपूर कॉलनीत गेले.

दारात चपला फार होत्या. मामांना आठ दिवसांपूर्वी सकाळी छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत गेले. मुलगी दहाव्याच्या सामानाची यादी करत होती. टेबलावरचं स्टिअरिंग सोडवून कोपऱ्यात ठेवलं होतं.

मामी बाहेर आल्या. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला आणि दारातच उभ्या राहून ओळीखाली बोट धरत सगळा वाचला. शेवटी बोट थांबलं.

"ही सही तुमची?"

"हो."

"आणि त्या वेळची?"

"तीही माझीच."

त्यांनी कागदाची घडी घातली, चष्मा काढला, आणि मला आत या न म्हणता दार लावून घेतलं.