बांधावरचे खांब

जयाच्या दोन खोल्यांच्या घराला सहा खांब होते आणि त्यातले दोन तिच्याच हट्टापायी भाताच्या बांधावर उभे होते. मिस्त्री अलाउद्दीन तेव्हाच कुरकुरला होता. पण ज्या बांधावरून जन्मभर डोक्यावर भारे वाहिले, तो दगा देईल हे तिला पटेना. सासऱ्यांनी बांध घातला तो पाणी अडवायला, घर पेलायला नव्हे. पण हट्टाला पेटलेल्या जयाला हे सांगणार कोण?

व्हायचं तेच झालं. ते दोन्ही खांब खचले, भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली. नवरा गेल्यावर दिरांनी भाताची खाचरं विकली, तेव्हा तिच्या वाट्याला एवढाच तुकडा आला होता. घर पडलं, तर महाळुंग्याला लेकीच्या सासरी जाऊन पाहुण्यासारखं राहायचं. लेक मायेनं बोलवायची, पण जयाला स्वतःच्या दारातच म्हातारं व्हायचं होतं.

अलाउद्दीन आला. ‘मी म्हणलंच होतं’ हे एकदाही त्याच्या तोंडून निघालं नाही, याबद्दल ती त्याचे मनोमन आभार मानत राहिली. त्यानं घर जॅकवर तोललं, बांध फोडून कठीण मुरुमापर्यंत खोदलं, नवा थर धरावा म्हणून जुन्या काँक्रीटला टाचे मारले, भोवती नव्या सळयांचा पिंजरा बांधला. आता फक्त काँक्रीटचा माल ओतायचा होता.

नेमक्या त्याच सकाळी मजूर आले नाहीत. मोठ्या इमारतीच्या कामावर त्यांना कुणीतरी पळवलं होतं. मिक्सर रस्त्यावर उभा, पुढं नुसती पायवाट, आणि जॅकखालची माती हळूहळू दबत चाललेली.

“वहिनी, माल आजच पडाया पायजे,” अलाउद्दीन म्हणाला. “उद्यावर घर राहील का, मला सांगता यायचं न्हाई.”

जयानं गावाकडं पाहिलं. हाक मारावी, तर कुणाला? गावात लावणी-कापणी सावडीनं होते, आज तू माझ्यात, उद्या मी तुझ्यात. खाचरं गेल्यापासून ती कुणाच्याच सावडीला गेली नव्हती. आपल्याकडं फेडून घ्यायला शेतच नाही, मग बायांमध्ये कुठल्या तोंडानं मिसळायचं, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

शेजारची सुंदराबाई भात बघायला निघाली होती. गप्प उभा मिक्सर बघून ती थांबली, अलाउद्दीनशी दोन शब्द बोलली आणि आल्या पावली परत गेली. थोड्या वेळानं पायवाटेनं बाया आल्या, डोक्याला फडकी बांधून, हातात घमेली घेऊन. लावणीला उभ्या राहतात तशाच त्या रांगेत उभ्या राहिल्या. घमेली हातोहात सरकू लागली, थट्टामस्करी सुरू झाली. जया रांगेत शिरली, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. कुणी तिकडं पाहिलं नाही, हेही उपकारच. ऊन कलायच्या आत दोन्ही पिंजरे भरले. अलाउद्दीननं जॅक तपासले आणि हसून मान हलवली.

हातपाय धुऊन बाया निघाल्या. जयानं सुंदराबाईचा हात धरला. “माझ्याकडं आता शेत न्हाई गं. कशी फेडू मी हे?”

“शेत न्हाई, हात हायेत नव्हं?” सुंदराबाई फटकळपणे म्हणाली. “दोन वर्सं तुझी जागा मोकळी ठिवलीया रांगंत. उद्या माझी कापणी हाय. इळा घिऊन ये, आन् येळंवर ये.”