काकी मागावर बसली

काकी मागावर बसली ती चौतिसाव्या वर्षी, आणि तीही काकांची चोरी पकडली गेली म्हणून.

काका एका विणकामशाळेत कारागीर होते. भिंतीवर टांगायची मोठी चित्रं तिथे लोकरीच्या धाग्यांनी विणली जात. काकी रोज सकाळी डबा घेऊन त्यांच्यासोबत जायची आणि शेजारी स्टूल ओढून त्यांच्या हातात रंगीत धाग्यांच्या कांड्या देत बसायची. बाकीचे चिडवायचे, "लग्नाला बारा वर्षं झाली, तरी करमत नाही वाटतं!" दोघंही लाजल्यासारखं करायची. खरी गोष्ट अशी, की काकांना हिरवा आणि तपकिरी एकसारखेच दिसायचे.

एकदा काकी बहिणीच्या बाळंतपणाला आठवडाभर गेली. काकांनी देवाचं नाव घेऊन एकट्यानेच तपकिरी घोडा विणायला घेतला. पाचव्या दिवशी शाळेचे मास्तर मागासमोर येऊन थबकले.

"गवत खाऊन खाऊन असा झाला का हा?"

काकांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं.

काकी परतल्यावर मास्तरांनी तिच्यापुढे राखाडी लोकरीच्या तीस लड्या टाकल्या. "फिक्यापासून गडदपर्यंत लावा." त्यांचा चहा संपायच्या आत तिने लावल्या, वर म्हणाली, "रंग एकोणतीसच आहेत. या दोन लड्या एकच."

"उद्यापासून तुम्ही बसा मागावर."

"आणि हे?"

"हे ताणा लावतील. उभे धागे इतके नेटके ताणणारा दुसरा माणूस नाही माझ्याकडे."

बायकोने नवऱ्याची खुर्ची बळकावली, असं शेजारी कुजबुजले. काकांनी जिन्यातच ऐकवलं, "खुर्ची कसली, बिनपाठीचं बाकडं आहे ते! माझी कंबर सुटली."

पहिली दोन वर्षं काकीने नुसतं आकाश विणलं. मग झाडं, मग कपड्यांच्या चुण्या, आणि शेवटी चेहरे. तेव्हापासून बाजारात जाणं अवघड झालं. भाजीवालीच्या गालाकडे ती इतकं टक लावून बघायची, की ती बिचारी विचारायची, "तोंडाला काही लागलंय का?"

"जांभळं आहे थोडं, कानाजवळ," काकी खुशीत सांगायची.

पन्नाशीत तिच्याकडे नाट्यगृहाचं काम आलं. भरलेला चौक, त्यात चाळीस माणसं. तीन वर्षं लागली. अशी चित्रं विणतात मागच्या बाजूने. कापून उतरवेपर्यंत पुढची बाजू धड दिसतच नाही. कापायच्या दिवशी मास्तरांनी कात्री दिली आणि काकीने ती तशीच काकांपुढे धरली.

"तुम्हीच कापा," ती काकांना म्हणाली.

"ताणा माझाच आहे, कापतो," म्हणत त्यांनी सरासर कापला.

चित्र जमिनीवर पसरलं. चाळीस चेहरे छताकडे बघत होते, कुणी वैतागलेला, कुणी हसू दाबणारा. मास्तर चष्मा पुसून पुन्हा वाकले आणि एवढंच म्हणाले, "यांतल्या कुणाशीतरी भांडावंसं वाटतंय मला."

काकी तिथेच फरशीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

घरी जाताना ती काकांना सांगत होती, की आता नदी विणायचीय, पण वाहती. काका म्हणाले, "उद्या सुट्टी घे, बाई. परवापासून ताणतो."