सात मडकी मोहरी

मोहरी फोडणीत तडतडली की मला अजून ती सात मडकी दिसतात, आणि थोडी लाजही वाटते.

राज्याचं विभाजन तोंडावर आलं होतं. ग्वाल्हेरच्या पोलीस ठाण्याठाण्यांत एकच चर्चा, नव्या छत्तीसगढला बदलीच्या यादीत कोणाचं नाव? मी तेव्हा ठाणेदार; माझं होतं. त्यातच एका बियाणे कंपनीची फिर्याद आली. जंगलालगतच्या चाचणीच्या शेतावरून जनुक बदललेल्या मोहरीच्या बियाण्याचं पोतं चोरीला गेलं होतं. शेजारच्या सहरिया आदिवासींनी त्या शेताविरुद्ध धरणं धरलं होतं. पुढारी एक म्हातारी. वारा कुंपण मानत नाही, ह्या मोहरीचा पराग उडून आमचं बियाणं बाटेल, असं तिचं म्हणणं.

टोपी बाजारातल्या एका बियाण्याच्या व्यापाऱ्याने खबर दिली, की माल म्हातारीच्या वस्तीत आहे. छाप्यात मातीने तोंडं लिंपलेली सात मडकी सापडली. एक शिपायाच्या हातून फुटलं आणि मोहरी धुळीत सांडली. चोरीचा माल मिळाला म्हणून आम्ही खूश!

चौकशीला म्हातारी दोन दिवस सकाळी यायची, संध्याकाळी जायची. बोलायची एकच. "साहब, मुझे बैठा लो, बीज छोड़ दो. बोनी का बखत निकला जा रहा है." पेरणी चुकली तर वस्तीचं वर्ष बुडणार होतं.

मुद्देमालाची नोंद करताना ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातले आमचे मराठी हवालदार म्हणाले, "साहेब, ह्याच्यावर तर कुंभारीण माशीचं मकान आहे. बच्चे पण उडून गेले."

मी उठून पाहिलं. तोंडांच्या लिंपणावर माशीची मातीची घरटी, पिल्लं उडून गेल्याची भोकं पडलेली. चोरी चार दिवसांपूर्वीची. ही मडकी कित्येक आठवडे कोणी उघडलीच नव्हती! मग खबर देणाऱ्यालाच बोलावलं. दोन उलटसुलट प्रश्नांत तो घामाघूम झाला. कंपनीचं पोतं त्याच्याच गोदामात निघालं. चोराच्या उलट्या बोंबा!

पण मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय सुटत नाही, आणि मला कार्यमुक्त व्हायला दोनच दिवस उरले होते. अर्ज घेऊन स्वतः कोर्टात उभा राहिलो. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी त्याच दिवशी सही केली. त्यांचे उपकार मी विसरलो नाही.

सहा मडकी जीपने वस्तीत पोहोचवली. सातव्यासाठी हात जोडले. म्हातारीने तक्रार केली असती तर मी गोत्यात आलो असतो. ती म्हणाली, "वो बीज बहन के गाँव में भी है, माँग लाऊँगी. बीज कोई अकेला रखता है क्या?" आणि माझी बदली झाल्याचं ऐकून मूठभर मोहरी माझ्या रुमालात बांधली. "छत्तीसगढ में बो देना."

जन्मभर मी वस्तू कुलपात घालून राखल्या. राखायची दुसरीही रीत असते, हे मला तिने शिकवलं. रायपूरला क्वार्टरमागे ती मोहरी पेरली, आणि शेजारणीने मागितलं तेव्हा तिलाही बी दिलं. तिसऱ्या वर्षी माझं सगळं बी उंदरांनी खाल्लं. मी वाटी घेऊन शेजारणीच्या दारात गेलो.