काळी तीन, लाल शाईत

आधीच सांगतो, भुताखेताचे किस्से सांगणाऱ्याला तोंडावर हसणारा माणूस आहे मी. शाहूपुरीत कापडाचं दुकान, आणि तीस वर्षं हौशी ऑर्केस्ट्रात निवेदन. म्हणजे थापा मारणं हे माझं काम, ऐकून घेणं नव्हे! त्यामुळे हे लिहिताना माझंच मला कसंतरी होतंय... पण लिहितो.

आमचा ऑर्केस्ट्रा जुन्या हिट गाण्यांचा. माझी बायको सुनंदा मुख्य गायिका. साठ-सत्तरच्या दशकातल्या एका मोठ्या गायिकेची गाणी ती अशी म्हणायची की मागच्या रांगेतले लोक विचारायचे, "रेकॉर्ड लावलीया काय?" आणि मी माइकवर छाती फुगवून सांगायचो — "ओरिजिनल पट्टीत!" पट्टी म्हणजे गाण्याचा सा पेटीच्या कुठल्या स्वरावर धरायचा ते. मूळ रेकॉर्डची जी पट्टी, तीच आमची. एक सूरही खाली नाही. हाच आमचा माज.

अकॉर्डियनवर गणपतमामा. ते इचलकरंजीला मागाच्या कारखान्यात कापड तपासायचे. चूक दिसली की तिथं लाल खूण करायची, हे त्यांचं काम. तोच लाल पेन खिशाला लावून एसटीनं तालमीला यायचे, आणि सुनंदाच्या गाण्याच्या वहीत प्रत्येक गाण्यापुढं पट्टी लिहायचे, खाली दोन रेघा मारून. पण कुरकुर कायम. "बाळू, पट्टी गाण्याची न्हाय, गळ्याची असती की! उगं रेकॉर्डबरबर कुस्ती कशाला?"

मी म्हणायचो, "मामा, लोकांना रेकॉर्डसारखंच लागतं."

"लोकांस्नी सुनंदा लागती रं!"

मामा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर वर्षभरानं सुनंदाचं थायरॉईडचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गायला परवानगी दिली, पण वरचे सूर काही परत आले नाहीत. एकदा घरी तिनं तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणून बघितलं — नेहमीसारखं काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून. अंतऱ्याला आवाज फाटला. मी मोठा शहाणा! म्हणालो, "राहू दे गं, सोपी गाणी घेऊ आता." पट्टी उतरवून म्हण, एवढं मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. तिनं वही कपाटात टाकली. मग स्वयंपाकघरातलं गुणगुणणंही बंद झालं, नुसता भांड्यांचा आवाज. खरं सांगतो, ते घर मला खायला उठायचं.

यंदा कार्यक्रम ठरला तेव्हा आमच्या कीबोर्डवाल्या इरफानचा फोन आला. "काका, काकी गात न्हाईत तर त्यांचं गाणं मी नुसतं वाजवतो. मधल्या म्युझिकचं नोटेशन मामांनी वहीत लिवलंय, त्या पानाचा फोटो टाका की." मी टाकला आणि वही परत कपाटात ठेवून कुलूप लावलं. कपाटाची किल्ली माझ्या दुकानाच्या जुडग्यात असते.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, इरफान घरी तालमीला आला. मी वही काढून दिली. पान उघडून तो म्हणाला, "काका, काळी तीन कवा केली?"

मामांनी लिहिलेल्या 'काळी ५'वर आडवी रेघ होती. शेजारी लाल शाईत 'काळी ३'. खाली दोन रेघा. आणि तीनची शेपटी लांब ओढलेली... तशी फक्त मामाच ओढायचे.

मी सुनंदाकडं बघितलं, तिनं माझ्याकडं.

"तुम्ही लिहिलं?"

"मी? अगं, पट्टी उतरवायचं माझ्या हातून होईल का कधी?"

इरफाननं मोबाईल काढून मी पाठवलेला फोटो मोठा केला. तिथं 'काळी ५', बस्स. "काका, फोटोत न्हाय की वो हे..." म्हणत तो खुर्चीसकट मागं सरकला.

घरात आम्ही दोघंच असतो, लेक पुण्याला. सुनंदा मात्र घाबरली नाही. ती त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "इरफान, काळी तीन दे."

ती गायला लागली. अंतरा जवळ आला तशी मी सोफ्याची कड घट्ट धरली, आता फाटणार... पण आवाज फाटला नाही. वर गेला, तिथं नीट टेकला, आणि सावकाश खाली आला. रेकॉर्डसारखा नव्हता. जरा जाडसर, उबदार, तिचा होता. इतकी वर्षं मी तो ऐकलाच नव्हता की. मी इरफानसमोरच रडलो, लाज वाटली नाही.

कार्यक्रमात माइक हातात घेतला आणि सवयीनं "ओरिजिनल" जिभेवर आलं. गिळलं. म्हणालो, "ऐका... सुनंदाच्या पट्टीत!" तिला दोनदा वन्समोअर मिळाला.

ते कुणी लिहिलं? इरफान म्हणतो, तुम्हीच झोपेत लिहिलं असेल. असेलही. फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे, वही कपाटात आहे. दोन्ही शेजारी ठेवून कितीदा बघितलं, पण उत्तर सापडत नाही.

परवा दुकानाला निघालो होतो. स्वयंपाकघरात तेच गाणं चालू होतं. ते मधेच थांबवून सुनंदा म्हणाली, "अहो, बाकीच्या गाण्यांच्या पट्ट्या पण बदलून घेते म्हणते. येताना एक लाल पेन आणा. आपल्या घरात कधी नव्हताच."