वेणूच्या गाडीचे रुंद टायर

माझा धाकटा भाऊ वेणीमाधव यंदा गेला. बनारसमध्येच बँकेत होता, पण जीव सगळा जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये. सुट्टी काढून दिल्लीकडे रेसच्या ट्रॅकवर न्यायचा. शेवटी रुंद टायर आणले, ते बसवायचे राहिले. आता त्याची बायको मालविका म्हणते, एकदा मीच नेणार, त्यांच्याच टायरवर.

गाडी आमच्या गल्लीत शिरत नाही, भेलूपूरच्या गॅरेजात असते. तिथे मालविकाने डब्यातून कणीक काढली.

"अगं, पोळ्या करतेस की काय?"

"ताई, रुंद टायर रस्ता जास्त धरतो, पण वळताना पत्र्याला घासला तर फाटतो. घासतो का, हे तेही असंच बघायचे."

तिने चाकावरच्या पत्र्याला आतून कणकेचे गोळे चिकटवले, नवे टायर चढवले.

"बसा आत. वजनाने गाडी दबली पाहिजे."

"मी काय गव्हाचं पोतं आहे?"

स्टेअरिंग पूर्ण वळवून तिने आवारात चकरा मारल्या. उतरून मीच आधी वाकले. पुढचे गोळे पुरीसारखे चपटे झाले होते.

"वेणूने आणलेत गं," मी म्हटलं.

"त्यांनीही हे बघून परतच केले असते, ताई."

मग आम्ही कमी रुंदीचे घेतले.