राबाचा विस्तव

वरवे बुद्रुकची भागूबाई लग्न होऊन हिर्डोशीला आली, तेव्हा तिला राब कशाला म्हणतात हेही ठाऊक नव्हतं. माहेरी सगळी ज्वारी-बाजरी. इथं उन्हाळ्यात शेण, टहाळ, पालापाचोळा अंथरून जाळायचा आणि त्या भाजलेल्या जमिनीत भाताचं बी टाकायचं. सासू कोंडाबाई फटकळ, पण शिकवायला कधी कंटाळली नाही. "इस्तू वाऱ्याच्या सामने चालला पायजे, पोरी. वाऱ्यासंगं सुटला की मग कुणाच्या बापाचा न्हाई."

भागूबाईला सगळं तोंडपाठ झालं. शेजारणींना ती असं समजावून सांगे, की जणू हिचा जन्मच राबात झाला! सासूही ऐकून सुखावायची.

सन बत्तीसच्या उन्हाळ्यात कोंडाबाई तापानं अंथरुणाला खिळली. नवरा गेनबा भोरच्या बाजाराला गेलेला. भागूबाईनं एकटीनंच राब पेटवायचं ठरवलं. वारा खालून वर येत होता आणि खालच्या कडेचा पाला चांगला वाळलेला, चटकन पेट धरणारा. तिनं पेटत्या काटक्यांची चूड तिथंच लावली. आग सरसरत वर गेली आणि बांधावरच्या गवताच्या गोठ्यात शिरली. आत तांबू गाय होती, दिवस भरत आलेली. ऊन लागू नये म्हणून सकाळी भागूबाईनंच तिला आत बांधलं होतं. ती धावली, दोन्ही हात भाजून घेतले, पण दावं सुटलं नाही.

गेनबा परतल्यावर एवढंच बोलला, "हिच्या हातात पुन्यांदा इस्तू द्यायचा न्हाई." डोंगरातल्या बाईला याहून मोठी शिक्षा नाही. राबाला जिचा हात चालत नाही, ती घरात असून घरची राहत नाही.

"आत्याबाई, मला समदं ठावं हुतं वो," ती सासूपाशी रडली.

"तोंडाला आलं हुतं, हाताला न्हवतं," कोंडाबाई म्हणाली. "तुजं बोलणं ऐकून म्याबी फसले."

पुढल्या साली गेनबा राब पेटवायला वाकला, तशी कोंडाबाईनं त्याच्या हातातली चूड काढून सुनेपुढं धरली.

"आये, खुळी झालीस व्हय?"

"तिच्या शिकण्यापायी गाय गेलीया. आता सूनबी वाया घालवू?"

भागूबाईनं मूठभर धूळ वर सोडून पाहिली. वारा ठरत नव्हता. ती खाली बसली. ऊन चढलं, गेनबा कुरकुरला, तरी ती हलली नाही. वारा खालून वर असा एका अंगाला लागला तेव्हाच उठली आणि वरच्या कडेला विस्तव लावला. आग मुंगीच्या पावलानं खाली सरकू लागली. कोंडाबाईनं थोडा वेळ पाहिलं आणि पाठ फिरवून ती घरात निघून गेली. सुनेवर नजर ठेवायला थांबली नाही.

पुढं गावातल्या नव्या सुना राब शिकायला भागूबाईकडे येऊ लागल्या. वाऱ्याचं बोलणं ती मागून बोले. आधी त्यांना जळक्या गोठ्याच्या जागेवर नेई आणि मोकळा खुंटा दाखवी.

"हितं आमची तांबू हुती," ती म्हणे. "म्याच बांधली हुती."